मदत हवी आहे: ग्रीनहाऊसमधली मिरचीची रोपं आखडलीत, पानांच्या कडा करपतायत

नमस्कार मंडळी,

कॅनडात, ऑन्टारिओमधल्या वॉटर्लू भागात राहते. मागच्या अंगणात सहा बाय आठ फुटांचं पॉलिकार्बोनेटचं छोटं ग्रीनहाऊस आहे. त्यात ज्वाला मिरची, वांगी, टोमॅटो, थोडा घेवडा आणि बीट अशी रोपं वाढवते आहे. मिरची आणि वांग्याचं बी मार्चच्या सुरुवातीला घरात, खाली हीट मॅट ठेवून लावलं होतं. उगवण छान झाली. पहिली दोन खरी पानं येईपर्यंत रोपं इतकी टवटवीत होती की बघत बसावं.

आता मिरची जागच्या जागी थांबली आहे. फोटो चढत नाहीत, म्हणून जेवढं दिसतं तेवढं नीट लिहिते. खालच्या पानांची टोकं आधी तपकिरी झाली आणि तो करपा कडेकडेने आत सरकतोय. करपलेला भाग बोटाने चुरला तर कुरकुरीत लागतो, ओला किंवा चिकट नाही. मधला भाग अजून हिरवा आहे, पण मळकट हिरवा. नवीन येणारी पानं लहान, फिकी आणि सुरकुतलेली आहेत; शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळट. खोड ताठ आहे, जमिनीलगत काळं पडलेलं नाही, त्यामुळे मर (बुरशीने रोप कोलमडण्याचा रोग) नसावी असं वाटतं. एक रोप उपटून पाहिलं: मुळं पांढरी आहेत, पण टोकांना तपकिरी आणि अगदी थोडी.

वांग्याचंही तेच. घेवडा तर सगळ्यात आधी गेला. टोमॅटो जरा मंद आहेत, पण ठीक. बीट मात्र मजेत आहे, आणि त्यामुळेच डोकं चालेनासं झालंय. एकच माती, एकच जागा, एकच पाणी, एकच हात.

माती म्हणजे पिशवीतलं पीट-पर्लाइटचं मिश्रण, नवीन पिशवी. खत फक्त एकदा, फार पातळ करून दिलंय. दिवसा ऊन पडलं की आत ३५ अंशांच्या वर जातं, तेव्हा छताची खिडकी आणि दार उघडते. रात्री पारा १२च्या खाली उतरणार असेल तर ट्रे घरात आणते. कुंड्यांच्या काठांवर आणि मातीवर पांढरट थर दिसतो. मातीवरून बारीक काळ्या माश्या उडतात. कडुनिंबाच्या तेलाची फवारणी करून झाली, फरक नाही. इथल्या एका शेजाऱ्यांनी एप्सम सॉल्ट द्यायला सांगितलंय, ते अजून दिलेलं नाही.

घाई अशासाठी की आमच्याकडे व्हिक्टोरिया डेच्या सुमारास, म्हणजे मेच्या उत्तरार्धात, थंडीची भीती संपते आणि सप्टेंबर सरता सरता परत कडाका येतो. आत्ता नव्याने बी टाकलं तर मिरची हाती लागायच्या आत गारठा येईल. जुलैत आई-बाबा येणार आहेत. देशी दुकानात हिरवी मिरची बारा महिने मिळते, पण बाबांना झाडावरून तोडून तव्यावर भाजलेल्या मिरचीचा ठेचा खाऊ घालायचाय. त्यामुळे ही रोपं वाचायला हवीत. कुणाला काही सुचत असेल तर कृपया सांगा.

*

बागवेडा (पुणे):

ताई, मिरचीची पानं आखडली की आपल्याकडे पहिला संशय बोकड्याचा, म्हणजे चुरडा-मुरडा रोगाचा. पानं कुठल्या बाजूला वळलीत ते बघा. कडा वर उचलून पान होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे. कडा खाली वळल्या असतील, पानाचा देठ लांबलेला असेल, तर पांढरी कोळी. कोळी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन शेंड्याच्या पानांची खालची बाजू तपासा. फुलकिडे बघायचे तर पांढऱ्या कागदावर शेंडा हलकेच झटका, बारीक पिवळट काड्या पळताना दिसतील.

त्या काळ्या माश्या मातीत ओल जास्त राहिल्याचं लक्षण आहे. त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात. पिवळे चिकट सापळे लावा आणि वरचा अर्धा इंच थर वाळल्याशिवाय पाणी देऊ नका. पण कडा करपण्याचं कारण माश्या नसाव्यात.

*

ओकव्हिलकर:

रात्रीच्या थंडीचं तुम्ही बघताच आहात, पण पाणी कसं देता? नळाचं थेट गार पाणी दिलं तर मिरचीची मुळं दिवसभर गारठतात. तसं असतं तर पानांच्या खालच्या बाजूला जांभळट झाक आली असती, ती तुम्ही लिहिलेली नाही. तरीही पाणी आदल्या रात्री बादलीत काढून ठेवत चला.

एप्सम सॉल्ट आत्ता नको. तो मॅग्नेशियमचा क्षार आहे. मॅग्नेशियम कमी पडलं तर शिरांमधला पिवळेपणा आधी जुन्या पानांवर दिसतो. तुमच्याकडे तो नव्या पानांवर आहे, म्हणजे लोह मिळत नसल्यासारखं. आणि लोह मातीत असूनही मिळत नाही ते बहुतेक वेळा मातीचा सामू (पीएच) वर गेल्यामुळे. पीटच्या मिश्रणात तो ५.५ ते ६.५च्या दरम्यान हवा.

*

धागाकर्ती:

दोघांचेही आभार. भिंगाने पाहिलं: फुलकिडे नाहीत, कोळी नाही. पानं वर किंवा खाली अशी एका बाजूला वळलेली नाहीत, नुसती चुरगळल्यासारखी आहेत. जांभळी झाकही नाही. पाणी स्वयंपाकघरातल्या नळाचं, खोलीच्या तापमानाला आणून देते. बाहेरचा नळ हिवाळ्यात बंद केलेला असतो, तो अजून सुरू केलेला नाही.

*

शिवारातला (शिरोळ):

ताई, तुम्ही रोगाच्या मागे लागू नका, तुमची रोपं पाण्याने बसली आहेत. कुठली पिकं कुठल्या क्रमाने गेली ते तुम्हीच लिहिलंय: आधी घेवडा, मग वांगी-मिरची, टोमॅटो मंद, बीट मजेत. हा क्रम क्षाराचा आहे. मुळांपाशी क्षारता दर मीटरला १ डेसिसीमेन्सच्या (क्षारता मोजायचं एकक) वर गेली की घेवडा हटायला लागतो. वांगं १.१ला, मिरची १.५ला, टोमॅटो २.५पर्यंत तग धरतो आणि बीट ४पर्यंत हसत उभं राहतं. रोग किंवा कीड अशी ओळीने शिस्तीत येत नाही.

आमच्या शिरोळ, मिरज, वाळवा पट्ट्यात हे रोज बघतो. नदीकाठची काळी जमीन, वर्षानुवर्षं उसाला पाट पाणी, निचरा नाही. खालचा क्षार वर आला आणि पिढ्यान्पिढ्या पिकलेल्या जमिनी खारवट, चोपण (सोडियम साठून घट्ट) झाल्या. सकाळी शेतात गेलं की सरीच्या माथ्यावर पांढरं फुललेलं दिसतं. तुमच्या कुंडीच्या काठावरचा थर तोच असावा असं मला वाटतं.

एक करून बघा. तो थर खरवडून चमचाभर साध्या कोमट पाण्यात टाका. विरघळला तर सोडियमसारखे क्षार, तळाशी पांढरी भुकटी तशीच राहिली तर चुना. व्हिनेगरने फेस येतो का एवढ्यावर जाऊ नका, फेस दोन्हींना येऊ शकतो.

आणि मुख्य विचारायचं ते हे: तुमच्या घरी पाण्याचा सॉफ्टनर बसवलाय का?

*

धागाकर्ती:

काका, थर विरघळला. पूर्ण विरघळला, तळाशी काही उरलं नाही.

आणि हो, सॉफ्टनर आहे. इथे बहुतेक घरांत असतोच, कारण आमच्या भागाला येणारं पाणी मुख्यतः भूजल आहे आणि फार जड आहे. तळघरात टाकी आहे, तिच्यात दर काही आठवड्यांनी मिठाच्या पिशव्या ओताव्या लागतात. पण टीडीएस मीटरने (पाण्यात एकूण किती विरघळलंय ते दाखवणाऱ्या) मोजलं तर बाहेरच्या आणि आतल्या पाण्याचा आकडा जवळपास सारखाच असतो असं यजमान म्हणतात. मग सॉफ्टनरने क्षार वाढतात असं कसं?

*

ओकव्हिलकर:

इथेच बरेच जण फसतात. सॉफ्टनर क्षार काढत नाही, बदलतो. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तो धरून ठेवतो आणि त्या जागी सोडियम सोडतो. एकूण विरघळलेला माल तेवढाच, म्हणून मीटरला फरक कळत नाही. हिशेब असा: लिटरमागे ४०० मिलिग्रॅम जडपणा असलेलं पाणी सॉफ्टनरमधून गेलं की त्यात सुमारे १८० मिलिग्रॅम सोडियम येतं. रोपवाटिकेत ते ५०च्या आत असावं असं धरतात.

आता तुमची सगळी लक्षणं एका धाग्यात बसतात. सोडियम पानाच्या कडांपर्यंत जाऊन साठतं, म्हणून कडा करपल्या. पाण्यात कॅल्शियम उरलेलंच नाही, म्हणून नवी पानं सुरकुतलेली. आणि सॉफ्टनर बायकार्बोनेटला हात लावत नाही, ते पाणी देता देता पीटचा सामू वर जातो, म्हणून लोह अडकलं आणि शेंडा पिवळा. तिन्ही गोष्टी एकाच नळातून आल्या.

मीटरऐवजी साबणाने तपासा. स्वच्छ बाटलीत पाणी घ्या, साध्या साबणाचे दोन-चार थेंब टाका, जोरात हलवा. भरपूर फेस आला तर सॉफ्टनरचं पाणी. फेस कमी आणि पाणी गढूळ झालं तर जड. काही घरांत स्वयंपाकघराचा गार नळ सॉफ्टनरला वळसा घालून येतो, तेवढी खात्री करून घ्या.

*

शिवारातला (शिरोळ):

बरोबर बोललात दादा. ताई, आता उपाय. आमच्याकडे चोपण जमिनीला जिप्सम टाकतात आणि चर काढून निचरा करतात. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला जागेवरून हटवतं आणि पाणी त्याला वाहून नेतं. कुंडीत हेच काम सोपं आहे, कारण निचरा तुमच्या हातात आहे. पावसाचं पाणी मिळालं तर उत्तम, नाहीतर सॉफ्टनरच्या आधीचं जड पाणी घ्या. हो, जड पाणीच, त्यात कॅल्शियम आहे. कुंडीच्या तिप्पट-चौपट पाणी हळूहळू, थांबत थांबत ओता आणि खालून पूर्ण निघून जाऊ द्या. बशीत साचलेलं पाणी लगेच फेकून द्या, नाहीतर तेच परत वर चढेल.

हे सकाळी करा, उबदार दिवस बघून. पीट ओलं राहील, त्यामुळे नंतर कुंडी उचलून हलकी लागेपर्यंत पाण्याचं नाव काढू नका. चारेक दिवसांनी कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेलं खत, बाटलीवर लिहिलंय त्याच्या पाव मात्रेत. करपलेली पानं हिरवी होणार नाहीत, त्यांच्याकडे बघून जीव खाली-वर करू नका आणि सगळी एकदम खुडूही नका, मधला हिरवा भाग अजून रोपाला पोसतोय. लक्ष फक्त शेंड्यावर ठेवा.

*

बागवेडा (पुणे):

हे वाचून आमच्या सोसायटीचं कोडं उलगडलं. बोअरचं पाणी टाकीत चढायच्या आधी सॉफ्टनरमधून जातं आणि गच्चीवरच्या वांग्यांच्या पानांच्या कडा अशाच जळतात. आम्ही सगळे उन्हाला दोष देत होतो. सॉफ्टनरच्या आधी एक नळ काढून द्यायला प्लंबरला सांगतो.

*

धागाकर्ती:

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, विशेषतः काका तुम्हाला. बाटलीत साबणाचा फेस अगदी गळ्यापर्यंत आला, म्हणजे नळ सॉफ्टनरचाच. यजमानांनी बाहेरचा नळ सुरू केला, त्याच्या पाण्याला फेस जवळजवळ नाही. तुम्ही सांगितलं तसं सगळ्या कुंड्या धुवून काढल्या. घेवडा गेला, त्याचं बी परत टाकलं आहे, त्याला अजून वेळ आहे. वांग्याची निम्मी रोपं हाताला लागतील असं दिसतंय. मिरचीला मात्र शेंड्यात नवी पानं फुटलीत, लहान आहेत पण सपाट आणि हिरवीगार.

आता एकच शंका. बाहेरच्या नळाचं जड पाणी पूर्ण उन्हाळाभर चालेल का? सामूचं काय करू?

*

ओकव्हिलकर:

जमिनीत किंवा मोठ्या वाफ्यात चालेल. कुंडीतल्या पीटला मात्र त्याने सामू हळूहळू चढतोच. ग्रीनहाऊसच्या छताला पन्हळ लावून खाली एक पिंप ठेवा, झाकण आणि जाळीसकट, नाहीतर डास होतील. पावसाचं आणि नळाचं निम्मं निम्मं मिसळून द्या. पावसाच्या पाण्यात कॅल्शियम नसतं आणि नळाच्या पाण्यात ते भरपूर आहे, त्यामुळे दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. बाकी महिन्यातून एकदा कुंडीतून निथळलेल्या पाण्याचा सामू पट्टीने बघा, ६.५च्या पुढे गेला तर पावसाचं पाणी वाढवा.