तमालादा, एम्बार्रार, सोब्रेमेसा : मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : मी टेक्सासात, सॅन अँटोनिओला राहते. शेजारचं कुटुंब मूळचं मेक्सिकन. नाताळच्या आधी त्यांच्या आजींनी मला 'तमालादा'ला बोलावलं. मला वाटलं जेवण असेल. गेल्या गेल्या हातात चमचा आला आणि कणसाचं भिजवलेलं पान. बारा-तेरा माणसं टेबलाभोवती, दिवसभर. यावर मराठीत लिहितेय. 'तमालादा'ला काय म्हणू?

प्रतिसाद : आधी 'तमाल', म्हणजे कणसाच्या पानात मक्याचं पीठ नि सारण गुंडाळून वाफवलेला पदार्थ. मूळ शब्द नावात्ल या मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला, 'तमाल्ली'. स्पॅनिशमध्ये एक तो तमाल, अनेक ते तमालेस. 'तमाले' हे एकवचन इंग्रजीने पाडलं. तुम्ही तमालच लिहा, फक्त तमालपत्राशी नातं नाही हे एकदा सांगा, नाहीतर वाचक मसाल्याच्या डब्याकडे वळेल.

'-आदा' प्रत्ययाने तमाल खाण्याचा बेत, नि टेक्सासातल्या घरांत तमाल करण्याचाही. 'पार्टी' किंवा 'मेळावा' लिहू नका, त्यात कामाचा वास नाही. आपण पापडांचा घाट घालतो, चार घरच्या बायका पोळपाट घेऊन येतात. तो 'घाट' इथे नेमका बसतो : तमालांचा घाट.

तमालाच्या पिठाला मात्र स्पॅनिश 'मासा'च राहू द्या (आपला मासा नव्हे). मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात, सालं सुटली की दळतात. त्या दाण्यांना 'निश्तमाल' म्हणतात, त्यात 'नेश्त्ली' म्हणजे राख. त्या चुन्यामुळेच मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपात मका गेला, ही रीत गेली नाही, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या अभावाचा रोग, झाला. एका शब्दात किती पिढ्यांचं शहाणपण आहे बघा.

प्रश्नकर्ती : 'घाट' घेतला! पानावर मासा पसरण्याला त्या 'एम्बार्रार' म्हणत होत्या. पसरणे लिहू?

प्रतिसाद : नको. 'बार्रो' म्हणजे चिखल, त्यावरून एम्बार्रार. म्हणजे लिंपणे. पानाच्या गुळगुळीत बाजूवर चमच्याच्या पाठीने पातळ लिंपतात ना, तेच.

दुसरा प्रतिसाद : थोडं विषयांतर. जेवण झाल्यावर टेबलाशीच रेंगाळून गप्पा मारण्याला स्पॅनिशमध्ये 'सोब्रेमेसा' म्हणतात. पोर्तुगीजमध्ये त्याच शब्दाचा अर्थ जेवणानंतरचं गोड, त्यामुळे गोव्यातल्या जुन्याजाणत्यांना तोच आधी आठवेल. स्पॅनिश अर्थासाठी मी 'हात वाळेपर्यंतच्या गप्पा' सुचवेन. आमच्या घरी रोज रात्री त्या होत.

प्रश्नकर्ती : किती सुंदर! त्या घरातली नातवंडं आजींना इंग्रजीतच उत्तरं देतात. पण त्या टेबलाशी मासा, ओहा (पान), एम्बार्रार हे शब्द कुणी इंग्रजीत म्हणत नाही. सगळ्यात धाकटीकडे पाण्याचा ग्लास असतो. फेटलेल्या मासाची चिमटीभर गोळी ती त्यात सोडते. बुडली तर अजून फेटायचं. तरंगली की तीच ओरडते, "या एस्ता!" झालं!