पुच्चीनीचं बटरफ्लाय खरंच क्रुशेल्निट्स्कानं वाचवलं काय?

रंकाळ्याचा_पक्या:
परवा जुन्या रेकॉर्डी ऐकत बसलोवतो तर सोलोमिया क्रुशेल्निट्स्का नावाची युक्रेनची बाई लागली, एवढ्या खरखरीतनं पण आवाज लै भारी येतोय. एक दोस्त म्हणतो पुच्चीनी या संगीतकाराचा मॅडम बटरफ्लाय हा ऑपेरा, म्हणजे सगळं गाऊन करायचं नाटक, हिच्यामुळंच तरला. खरं हाय काय, का उगं फेकाफेकी? आणि एवढं नाव असून म्हातारपणी हाल का झाले?

तानपुरा_मिरजेचा:
१७ फेब्रुवारी १९०४ ला मिलानच्या ला स्काला या ऑपेरा थिएटरात पहिला प्रयोग झाला आणि पब्लिकनं पार हुर्यो उडवली, पुच्चीनीनं खेळच मागं घेतला. मग लांबलचक दुसरा अंक मधनं तोडला, काटछाट केली आणि २८ मे ला ब्रेशिया गावात परत लावला, तिथं बटरफ्लायचं काम क्रुशेल्निट्स्कानं केलं आणि प्रयोग तुफान गाजला. त्यामुळं अर्धं श्रेय कात्रीला द्या राव. मिलानला गायलेली रोसिना स्टोर्किओ काय कच्ची गायिका नव्हती.

शाहूपुरीची_मावशी:
कात्री ठीकाय हो बुवा, पण या बाईची तयारी पण बघा की. युक्रेनमधल्या लव्हिव शहरात तिला मेझो म्हणजे जरा खालच्या पट्टीची म्हणून शिकवलेलं, १८९३ ला तिथंच पदार्पण, आणि मग मिलानला गाणं शिकवणाऱ्या फाउस्ता क्रेस्पी बाईंनी सांगितलं तू सोप्रानो म्हणजे वरच्या पट्टीची आहेस, झालं, परत पहिल्यापासनं गळा घडवला. एकदा स्टेजवर नाव झाल्यावर असं कोण करतंय? १९०६ ला ला स्कालात वाद्यवृंद चालवणाऱ्या तोस्कानिनीच्या हाताखाली स्ट्राउसचा सालोमे हा ऑपेरा गायली, समोर शंभरभर वाजवणारे आणि माईक नाही.

रंकाळ्याचा_पक्या:
माईक नाही?? नाद खुळा!

तानपुरा_मिरजेचा:
अरे भावा, आपल्या पॅलेस थिएटरात केशवराव भोसले तरी कुठं माईकवर गात होते.

शाहूपुरीची_मावशी:
पक्या, हालाचं राहिलंच बघ. १९१० ला इटालियन वकिलाशी लग्न, १९२० च्या सुमारास ऑपेरा सोडून नुसत्या मैफली. नवरा गेल्यावर १९३९ ला लव्हिवला माणसांना भेटायला आली आणि युद्ध पेटलं, अडकली ती अडकलीच. सोव्हिएत सरकारनं तिचंच घर ताब्यात घेतलं, राहायला त्यातलाच एक भाग दिला. तशात कॉन्झर्व्हेटरीत म्हणजे तिथल्या संगीत विद्यालयात पोरांना गाणं शिकवत राहिली, १९५२ ला गेली. आता तिथल्या ऑपेरा हाऊसला तिचंच नाव आहे, जिवंतपणी मात्र घराचं भांडण. तुला लागलेली रेकॉर्ड कुठली रे, लिंक टाक की.