लहानपणी खाल्लेला मार आणि व्यसन परत परत सुरू होणं, खरंच संबंध असतो का?

रातकिडा:
धाकटा भाऊ हेरॉईन घ्यायचा. दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलाय, यावेळी आठ महिने एकदम व्यवस्थित, कामावर जायचा, जुन्या दोस्तांचे नंबरपण उडवलेले. आणि मागच्या महिन्यात परत सुरू. का रे बाबा विचारलं तर म्हणे बॉस सगळ्यांसमोर ओरडला. एवढंच! काऊन्सेलर लहानपणाचं काढत बसतात. वडील पट्ट्याने मारायचे हे खरंय, त्याला जरा जास्तच. पण मार मीही खाल्लाय आणि मी साधी सिगरेट ओढत नाही. मग हे कारण आहे की नुसती सबब?

उंबरठा:
सबब नाही हो. अमेरिकेत फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी १७ हजारांवर लोकांना लहानपणाबद्दल विचारलं होतं, मारहाण, लैंगिक छळ, घरात दारू वगैरे. त्याच माहितीवर २००३ साली आलं की असे ५ किंवा जास्त प्रकार भोगलेल्यांमध्ये, एकही न भोगलेल्यांपेक्षा, ड्रग्जचा त्रास ७ ते १० पट जास्त सापडला. सगळ्यांनाच होतो असं नाही, तुम्ही आहातच की. आनुवंशिकता, वय, जीव लावणारं कोणी होतं का, बरंच काही असतं.
आता परत घसरण्याचं. ज्या पोराचं अंग सतत धोक्याच्या तयारीत वाढलं त्याची ताणाची यंत्रणा पुढेही पटकन भडकते आणि लवकर शांत होत नाही. उपचार घेणाऱ्यांना त्यांचाच एखादा ताणाचा प्रसंग आठवायला लावला तर समोर ड्रग नसतानाही तलफ वाढते, हे प्रयोगांत दिसलंय. तुमच्यासाठी तो फक्त बॉस होता, त्याच्यासाठी कदाचित नव्हता.

किल्लीवाला:
मी सहा वर्षं क्लीन आहे म्हणून सांगतो. माझा ट्रिगर म्हणजे दाराच्या कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज. बाप पिऊन आला की किल्ली भोकात बसायचीच नाही, खडखड खडखड, आणि मी पांघरुणात मोजत बसायचो. पस्तिशीत शेजाऱ्याच्या दाराचा तसा आवाज आला की हात गार पडायचे आणि पुढच्या तासाभरात मी माल शोधत फिरायचो, मधलं काही आठवायचंच नाही. दोन केंद्रांत मला संगत बदल एवढंच शिकवलं. तिसऱ्या ठिकाणी बाईंनी पहिल्यांदा विचारलं की आधी शरीरात काय होतं.

उंबरठा:
हेच. पूर्वी म्हणायचे आधी वर्षभर सुटू दे मग जुनं बघू. आता दोन्ही उपचार बरोबर चालवता येतात, फक्त तसं शिकलेला माणूस हवा, घरच्यांनी उकरायला जाऊ नये. आणि रातकिडा, एक तातडीचं. एवढ्या गॅपनंतर शरीराची सवय मोडलेली असते, जुना डोस घेतला तर श्वास थांबून माणूस जाऊ शकतो. एकट्याला सोडू नका. बुप्रेनॉर्फिन म्हणून हेरॉईनची तलफ आवरणारं औषध असतं, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

रातकिडा:
उद्याच जातोय त्याला घेऊन. किल्लीवाला, तुमचं वाचून दाखवलं त्याला. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला पट्टा काढताना बकल वाजायचं ते. मला पट्टा आठवतो, बकलचा आवाज अजिबात आठवत नाही.