डिस्चार्ज कार्डवरची लघुरूपं आणि डिडक्टिबल-को-पेचा हिशेब

शंकासुर:
कार्डवर लिहिलंय: ‘के/सी/ओ एचटीएन ३/१२, सी/ओ चेस्ट पेन १/७, आर/ओ एमआय, ईसीजी एनएडी’. गोळ्यांपुढे ओडी, बीडी पीसी, एचएस, एसओएस. एमआय म्हणजे हार्ट अटॅकच ना? तो येऊन गेला असा अर्थ घ्यायचा का? शिवाय आरोग्य विम्याच्या पॉलिसीत डिडक्टिबलही आहे (ठरावीक रक्कम आधी आपणच सोसायची) आणि १० टक्के को-पेही (खर्चातला आपला टक्केवारीचा वाटा). खिशातून नेमके किती जाणार?

गोळीबंद:
एमआय म्हणजे हार्ट अटॅक, बरोबर. पण आधीचं आर/ओ विसरू नका. ते ‘रूल आउट’, म्हणजे ‘तो नाही ना, याची खात्री करा’. हे निदान नव्हे. काही जण तेच ‘नाही हे सिद्ध झालं’ अशा अर्थानेही लिहितात, म्हणून ‘फायनल डायग्नोसिस’ची ओळ बघा. एनएडी म्हणजे काही वावगं आढळलं नाही, पण एका ईसीजीवरून अटॅक नव्हताच असं म्हणता येत नाही. ट्रोपोनिनचा (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे दाखवणारी रक्ततपासणी) रिपोर्टही शोधा.

सी/ओ म्हणजे तक्रार, के/सी/ओ म्हणजे आधीपासून माहीत असलेला आजार, एचटीएन म्हणजे उच्च रक्तदाब. ३/१२ ही तारीख नाही. खाली ७ असेल तर दिवस, ५२ असेल तर आठवडे, १२ असेल तर महिने. म्हणजे रक्तदाब तीन महिन्यांपासून, छातीत दुखणं एका दिवसाचं.

ओडी दिवसातून एकदा (डोळ्यांच्या चिठ्ठीवर मात्र उजवा डोळा!), बीडी दोनदा, पीसी जेवणानंतर, एचएस झोपताना. एसओएसचा बुडत्या जहाजाशी संबंध नाही. लॅटिन ‘सी ओपस सिट’, गरज पडली तरच. त्या गोळीचं दोन डोसांमधलं कमीत कमी अंतर आणि दिवसाची कमाल मर्यादा विचारून घ्या. चिठ्ठीवर हे बहुतेकदा नसतं.

दावेदार:
क्लेमच्या दृष्टीने सगळ्यात नाजूक जागा ते ३/१२ आहे. समजा पॉलिसी वर्षभरापूर्वीची आहे. तीन महिने वाचलं तर आजार पॉलिसीनंतरचा. कोणी तीन वर्षं वाचलं तर तो आधीचा ठरतो, मग प्रतीक्षा काळ (आधीच्या आजाराचा खर्च न मिळण्याची सुरुवातीची मुदत) आणि ‘आजार लपवला’ हे दोन्ही मुद्दे निघतात. माहिती खरी असेल तर डॉक्टरांकडून ‘तीन महिन्यांपासून’ असं अक्षरी लिहून, सही-शिक्क्यासह घ्या, तेही डिस्चार्जच्या आधी. क्लेम अडल्यावर केलेल्या दुरुस्तीकडे कंपनी संशयानेच बघते.

आता हिशेब. बिल १,००,००० धरा. हातमोजे, नोंदणी फी असं न मिळणारं ५,००० आधी कापलं जातं, राहिले ९५,०००. डिडक्टिबल २०,००० असेल तर उरले ७५,०००. त्यावर को-पे ७,५००. कंपनी देणार ६७,५००, तुमचे ३२,५००. को-पे आधी कापला तर कंपनीकडून ६५,५००च येतात, म्हणून क्रम पॉलिसीतच वाचा. डिडक्टिबल वर्षाला एकदा की दर क्लेमला, हेही तिथेच सापडेल.

शंकासुर:
फायनल डायग्नोसिसमध्ये ‘नॉन-कार्डियाक चेस्ट पेन’, म्हणजे हृदयाशी संबंध नसलेलं छातीत दुखणं, असं आहे. ट्रोपोनिन दोनदा निगेटिव्ह.

गोळीबंद:
मग अटॅक नव्हता. ते दोन्ही रिपोर्ट क्लेमच्या कागदांना जोडा.