जुने डॉक्टर निवृत्त झाले. नव्या डॉक्टरांवर कितपत विसंबावे?

प्रश्न (जुळे सोलापूर)
माझ्या आईला रुमॅटॉइड संधिवात, मधुमेह आणि थायरॉइड आहे, आणि अलीकडच्या तपासणीत तिचे क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा रक्तातील घटक) वाढलेले आढळले. बरीच वर्षे एकाच डॉक्टरांचे उपचार चालू होते. ते आता निवृत्त झाले. नव्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत मेथोट्रेक्सेट या संधिवातावरच्या औषधाचा डोस निम्मा केला, दुखण्यावरची गोळी बंद केली आणि प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितले. आपली प्रकृती ठाऊक नसताना इतकी घाई कशाला, असे आईचे म्हणणे आहे. कारण विचारावे तर डॉक्टरांना राग येईल, अशी धास्ती दोघींनाही वाटते. डॉक्टर बदलावेत का?

उत्तर (होटगी रस्ता)
ताई, आपण लिहिलेले बदल क्रिएटिनिनच्या अहवालाशी ताडून पाहिले तर ते घाईचे वाटत नाहीत. मेथोट्रेक्सेट मुख्यतः मूत्रपिंडावाटे शरीराबाहेर जाते. मूत्रपिंडाचे काम मंदावले की ते रक्तात साचते आणि तोंड येणे, पांढऱ्या पेशी घटणे असे त्रास होऊ शकतात. डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या अशा रुग्णाला अपायकारकच असतात. प्रेडनिसोलोन दीर्घकाळ घेतल्यावर एकाएकी थांबवणे धोक्याचे असते, कारण शरीराची स्वतःची स्टिरॉइडनिर्मिती तोवर मंदावलेली असते. म्हणून ते टप्प्याटप्प्यानेच कमी करतात. माझ्या मते या डॉक्टरांनी अहवाल नीट वाचलेले आहेत. तरीही कारण विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

उत्तर (सात रस्ता)
मी थोडा असहमत आहे. निर्णय बरोबर असला तरी तो समजावून सांगणे हे डॉक्टरांचेच काम आहे, आणि साध्या प्रश्नावर कोणी चिडत असेल तर दुसरा सल्ला जरूर घ्यावा. मात्र त्याआधी पिशवीभर कागद नेण्याऐवजी एका पानावर आजार, सध्याची औषधे व त्यांचे डोस, पूर्वी न सोसलेली औषधे आणि क्रिएटिनिनचे आकडे तारखांसह लिहून न्यावेत. सिव्हिलच्या ओपीडीत दर वेळी वेगळे डॉक्टर भेटू शकतात, तिथे तर या पानाशिवाय निभाव लागत नाही. आई पूर्वी कुठे दाखल झाली असेल तर तिथल्या नोंदी लेखी अर्ज करून मागाव्यात. मागणीनंतर 72 तासांत त्या द्याव्यात, असा भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या विनियमांत नियम आहे.

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. सांधे पुन्हा आखडले तर पुढील तारखेपर्यंत वाट पाहावी का?

उत्तर (होटगी रस्ता)
पाहू नये. डोस कमी केल्यावर सांधेदुखी उसळू शकते, तेव्हा अशा वेळी कोणाला फोन करायचा हे याच भेटीत विचारून घ्या, आणि तोवर घरातली जुनी वेदनाशामक गोळी मनाने देऊ नका. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, म्हणून त्याचा वार त्या पानावर ठळक लिहा. ते चुकून रोज घेतले गेल्यास जिवावर बेतू शकते.