मदत हवी आहे: चपलेच्या ठशाने छापताना कापडावर फरशी उमटते

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यात खेड्यावर राहते. बचत गटातल्या आम्ही चौघी मांजरपाटाच्या पिशव्या आणि उशांचे अभ्रे शिवतो. कोऱ्यापेक्षा छापलेल्या पिशवीला भाव बरा मिळतो, म्हणून ठसे घरीच कोरायला घेतले. लाकूड कोरणं आपल्या हातचं नाही, खोडरबर फार लहान. शेवटी रबरी चपलेचा तळवा कापला. (सासूबाई: "काऊन वं, चांगली चप्पल कापून राह्यली?" चांगली कुठली, अंगठा तुटलेला होता.)

कोरणी मोडक्या छत्रीच्या काडीची. काडी पन्हळीसारखी असते. टोक दगडावर तिरपं घासलं की मऊ रबरात सरसर चालते. ३ इंचांचा चौकोन कापून सागाच्या तुकड्यावर पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवला.

नक्षी फुलापानाची नाही. मे महिन्यात काळ्या वावराला भेगा पडतात ना, तसं कापडभर हवंय. ढेकळं छापायची, भेगा कोऱ्या ठेवायच्या. एकच ठसा उठवला तर अगदी आमचं वावर! पण ओळीनं मारत गेले की प्रत्येकाची कड दिसते आणि वावराची फरशी होते. शिवाय ठशाच्या कडेला रंग साचतो, मध्ये फिका.

पिगमेंट रंग बाइंडरमध्ये (रंग कापडाला धरून ठेवणारं चिकट द्रावण) कालवून स्पंजवर ओतते. कापड नवं कोरं, खाली लोखंडी टेबल. ठसे नेमके जुळवायचे कसे?

प्रतिसाद:
ताई, जुळवत बसूच नका. सरळ कड हाच घोळ आहे. ठशाची कड भेगेवरूनच कापा, वाकडीतिकडी. मग दोन ठशांमधली फट हीच एक भेग. आणि दरवेळी ठसा थोडा फिरवून मारा.

प्रतिसाद:
मधला फिकेपणा टेबलामुळे. खाली जुनी चादर ४ पदरी घाला, वर कापड ताणून टाचा. रंग ओतू नका. स्पंजमध्ये पातळ पसरवा आणि ठसा हलकेच टेकवा. दुसरं म्हणजे हवा. गुजरातेत पेथापूरचे कारागीर मोठ्या सागवानी ठशांना आरपार भोकं ठेवतात ती त्यासाठीच. तुमच्या ३ इंचाला भोकं नकोत, भेगा कडेपर्यंत मोकळ्या न्या, हवा तिथून निघेल. आणि कोऱ्या मांजरपाटाला खळ असते, रंग वरच राहतो. आधी धुण्याचा सोडा घालून गरम पाण्यात धुवा. छापून पूर्ण वाळलं की उलट्या बाजूनं कडक इस्त्री.

मूळ प्रश्नकर्ती:
कड भेगेवरून कापली, खाली चादर घातली. सांधा आता शोधावा लागतो! पण एक ढेकूळ नेमकं बदकासारखं झालंय आणि दर ३ इंचांवर ते बदकच दिसतं. आमच्या पोरानं तर मोजलीसुद्धा, एका पिशवीवर २२.

प्रतिसाद:
बदकाच्या पाठीतून एक भेग काढा.