सुट्टीसाठी भाड्याने देतो त्या घरात झुरळं आणि (बहुतेक) ढेकूण – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

धागा जरा लांबणार आहे, आधीच माफी मागतो.

आमचं एक छोटं घर आहे. दोन बेडरूम, स्वयंपाकघर, दोन बाथरूम. सुट्टीवर येणाऱ्यांना दोन-चार दिवसांसाठी भाड्याने देतो. शनिवार-रविवार भरलेलं असतं, मधले दिवस बहुतेक रिकामं, आणि सीझन संपला की कधीकधी सलग तीन आठवडे कुलूप. आम्ही स्वतः तिथे राहत नाही. एक मावशी प्रत्येक पाहुण्यानंतर येऊन साफसफाई करतात, चादरी बदलतात आणि किल्ली सांभाळतात.

गेल्या महिन्यात दोन तक्रारी आल्या. पहिली अशी की रात्री पाणी प्यायला उठलो, दिवा लावला तर ओट्यावरून झुरळं पळाली. ही मी पचवली. दुसरी जास्त जिव्हारी लागली. मुलाच्या हातावर एका रांगेत चार लाल गांध्या, त्यांचा फोटो, आणि 'या घरात ढेकूण आहेत' असा जाहीर अभिप्राय. ढेकणासंगे हिरा भंगतो म्हणतात, आमचं रेटिंग भंगलं. मी दुसऱ्याच दिवशी जाऊन दोन्ही गाद्या उलट्यापालट्या करून पाहिल्या. एकही ढेकूण दिसला नाही.

आतापर्यंत केलेले उपाय: दर तीन महिन्यांनी पेस्ट कंट्रोलवाल्याकडून फवारणी. मधल्या काळात पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मावशी सगळीकडे स्प्रे मारतात, मीच सांगून ठेवलंय. बेसिनमध्ये डांबरगोळ्या. आणि प्लगला लावायची ती आवाजाची यंत्रं दोन आणली होती. त्यातल्या एकावर परवा झुरळ निवांत बसलेलं सापडलं.

फवारणी झाली की दहा-पंधरा दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. रोज राहतं घर असतं तर डोळ्यासमोर तरी असतं. इथे कोण काय घेऊन येतं, काय सोडून जातं, पत्ताच लागत नाही. अशी घरं चालवणाऱ्यांनी कृपया अनुभव सांगा. स्वतःच्या घराला चालणारे उपाय इथे कमी पडताहेत असं वाटतंय.

प्रतिसाद

झुरळं केवढी आहेत हे आधी सांगा. बोटाच्या पेराएवढी फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन काळ्या रेघा असलेली? की अंगठ्याएवढी लालसर, उडू शकणारी? दोघांचं औषध वेगळं आहे. 'झुरळं झाली' एवढ्यावर फवारणी करणारा माणूस मला डॉक्टरपेक्षा कंपाउंडर वाटतो.

प्रतिसाद

मांजर पाळा. 😀

धागाकर्ता

मांजराच्या केसांची अ‍ॅलर्जी असलेले पाहुणे एक तारा देतील.

झुरळांबद्दल मावशींना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, 'दोन्ही आहेत की! मोठी न्हाणीघरात, लहान ओट्याखाली.' मला हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही विचारलं नव्हतं.

प्रतिसाद

मग तुमचे प्रश्न दोन आहेत, वेगवेगळे सोडवा.

मोठी झुरळं गटारातून वर येतात, आणि त्याचं कारण तुमच्या त्या 'तीन आठवडे कुलूप'मध्ये आहे. न्हाणी ट्रॅपमध्ये (न्हाणीतल्या जाळीखालच्या भांड्यात) आणि बेसिनखालच्या वाकलेल्या पाइपमध्ये जे पाणी साठून राहतं ना, तेच गटार आणि घर यांच्यातलं दार. घर बंद राहिलं की ते पाणी वाळतं आणि दार उघडं पडतं. वासही येत असेल, विचारा मावशींना. घर रिकामं असताना आठवड्यातून एकदा प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतायचं. जास्त दिवस कुलूप असेल तर पाण्यावर चमचाभर खाद्यतेल सोडा, त्याने पाणी हळू उडतं. दुसऱ्या बाथरूममधली, कुणी वापरत नाही ती जाळी विसरू नका. बहुतेक तीच गुन्हेगार असते. डांबरगोळ्यांनी हे दार बंद होत नाही, फक्त घराला कपाटासारखा वास येतो.

लहान झुरळं घरातच जन्मतात. मादी अंड्यांची पेटी फुटायच्या वेळेपर्यंत अंगालाच चिकटवून फिरते आणि एकेका पेटीतून ३०-४० पिल्लं निघतात. फवारणीने समोरची मरतात, फटीतली राहतात. यांना जेल हवं, म्हणजे झुरळं खातील असं विषारी आमिष. बिजागऱ्यांपाशी, ओट्याच्या खालच्या कोपऱ्यात, फ्रिजच्या मोटारीजवळ मसुराएवढे ठिपके, पुष्कळ ठिकाणी. एक झुरळ ते खाऊन बिळात जाऊन मरतं, बाकीची त्याची विष्ठा आणि मेलेलं अंग खातात, तीही मरतात.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं: मावशींचा स्प्रे आजच बंद करा. जेलच्या आसपास स्प्रे मारला की झुरळं त्या जेलला तोंड लावत नाहीत. शिवाय दुसऱ्या दिवशी त्याच ओट्यावर कुणाचं तरी बाळ हात फिरवणार आहे.

प्रतिसाद

+१ स्प्रे बंद. झुरळं दिसेनाशी करणं आणि कमी करणं या दोन गोष्टी आहेत. ओट्याखाली आणि फ्रिजमागे चिकट पट्ट्या ठेवा, वर तारीख लिहा. कुठल्या पट्टीवर किती चिकटली ते पाहिलं की जेल कुठे लावायचं ते कळतं.

प्रतिसाद

दादा, मी अशाच तीन खोल्या चालवते, ढेकणांतून गेले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी दिलासा. गांध्यांवरून ढेकूण सिद्ध होत नाहीत. डास, पिसवा, अ‍ॅलर्जी, सगळ्यांचे डाग सारखेच दिसतात. काहींच्या अंगावर ढेकूण चावल्याच्या खुणा कित्येक दिवसांनी उठतात, काहींच्या उठतच नाहीत. त्यामुळे त्या मुलाला आधीच्या मुक्कामातही चावले असतील.

आता वाईट बातमी. गादी उलटी करून पाहिली आणि दिसला नाही, याला तपासणी म्हणत नाहीत. दिवसा टॉर्च घ्या, एक जुनं एटीएम कार्ड घ्या. गादीची शिवण बोटांनी उलगडत जा. पलंगाची डोक्याकडची फळी भिंतीपासून सोडवा आणि तिची मागची बाजू बघा. स्क्रूची भोकं, लाकडाचे सांधे, फटीतून कार्ड फिरवा. जिवंत ढेकूणच दिसायला हवा असं नाही. पेनाने टिंब दिल्यासारखे काळे डाग (ओल्या कापसाने पुसले की तपकिरी पसरतात), पिवळट पारदर्शक कात, साबुदाण्याहून पुष्कळ लहान पांढरी अंडी, यांतलं काही सापडलं तर समजा.

'घर महिनाभर बंद ठेवतो, उपाशी मरतील' या भरवशावर राहू नका. ते रक्ताशिवाय कित्येक महिने काढतात. धुराचे बॉम्बही फोडू नका, धूर फटीत पोचत नाही. उष्णता मात्र त्यांना सोसत नाही. चादरी, अभ्रे, पडदे ६० अंशांवर धुवा किंवा ड्रायरमध्ये कडक तापमानाला अर्धा तास फिरवा. शिवणी-सांध्यांना वाफ. औषध मारलंच तर साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा मारावं लागतं, कारण अंडी पहिल्या वेळी वाचतात आणि नंतर फुटतात. एका फेरीत काम होईल म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

पुढे येऊ नयेत म्हणून मी दोन खर्च केले आणि दोन्ही वसूल झाले. एक, गादीला सगळीकडून बंद होणारं चेनचं कव्हर. आतले आत राहतात, नव्यांना लपायला शिवण मिळत नाही, आणि पांढऱ्या कव्हरवर डाग लगेच दिसतो. दुसरं, सामान ठेवायला लोखंडी स्टँड, पलंगापासून लांब. ढेकूण बॅगेतून येतात, आणि पाहुणा आला की पहिल्यांदा बॅग कुठे टाकतो? पलंगावर!

प्रतिसाद

बंद घराची अजून एक गंमत म्हणजे फ्लशची टाकी. झाकण नीट बसत नसेल तर आठ-दहा दिवसांत त्यात डासांची एक पिढी तयार होते. तुमच्या त्या मुलाला कदाचित तेच चावले असतील. आणि पेन्सिल जाईल एवढी फट उंदराच्या पिल्लाला पुरते, दारांच्या खाली रबरी पट्टी लावून घ्या.

प्रतिसाद

पाहुण्यांसाठी सूचनांचा फलक लावा ना. 'खरकटं ठेवू नये, बॅग पलंगावर ठेवू नये...'

प्रतिसाद

फलकाला माझा विरोध. सुट्टीवर आलेला माणूस फलक वाचत नाही, आणि वाचलाच तर 'इथे ढेकूण असणार' एवढंच वाचतो. त्यापेक्षा झाकणाचा कचरापेटारा द्या आणि स्टँड दाराजवळ असा ठेवा की बॅग आपोआप त्यावर जाईल.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. काल जाऊन आलो.

मागच्या बाथरूमची जाळी ठणठणीत कोरडी होती. टॉर्च मारला तर तळ दिसला.

गाद्यांच्या शिवणी स्वच्छ. पण लहान बेडरूममधली डोक्याकडची फळी सोडवली आणि मागे खालच्या कोपऱ्यात ते काळे टिंब. दहा-बारा. कार्ड फिरवल्यावर एक कातही पडली. म्हणजे ढेकणांची तक्रार करणाऱ्या त्या बाईंचं म्हणणं खरं होतं, आणि मी त्यांच्या अभिप्रायाखाली 'आमच्याकडे नियमित फवारणी होते' असं ठणकावून लिहिलं होतं. ते आज काढून माफी लिहिली.

मावशी शेजारीच उभ्या होत्या. म्हणाल्या, उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे बारीक ठिपके त्यांना दीड महिन्यापूर्वीच दिसले होते. मग सांगितलं का नाही? तर म्हणे, 'मागच्या वेळी झुरळाचं सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, नीट झाडत नाही तुम्ही.' मी असं म्हणालो होतो. आता ठरलंय की दर वेळी चादर काढताना शिवण आणि फळीचा मोबाइलवर फोटो, काही असो वा नसो, आणि या कामाचे वेगळे पैसे.

आता अडलंय ते असं. लहान बेडरूम दोन फेऱ्या होईपर्यंत बंद ठेवतोय. पण या शनिवारचं बुकिंग चार जणांचं, पूर्ण घराचं आहे. फक्त मोठी खोली देऊन पैसे कमी करू, की रद्दच करू?

प्रतिसाद (तीन खोल्यावाली)

रद्द करा दादा. खरं कारण सांगून, पूर्ण पैसे परत देऊन. ढेकूण बंद दाराखालूनही जातात, आणि मोठ्या खोलीची फळी तुम्ही सोडवून पाहिलीत का, ते वरच्या प्रतिसादात कुठे दिसलं नाही.

धागाकर्ता

नाही पाहिली. उद्या सकाळी जातो. शनिवारवाल्यांना आत्ताच फोन करतोय.